उलटी न होणे हेही लक्षणच

पोट कितीही दुखत असले तरी उलटी होत नसेल तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही, हे इथे कुणीतरी मांडलेले मत मला मुळीच पटत नाही. जठराला पीळ पडून ते १८० अंशांहून अधिक फिरले की त्याची दोन्ही तोंडे आवळली जातात. मग जोरजोराने उमासे येतात, पण बाहेर काहीच पडत नाही, आणि नाकातून घातलेली नळीही जठरात उतरत नाही. वरच्या पोटातील तीव्र वेदनेसह ही तीन लक्षणे जर्मन शल्यचिकित्सक बोर्खार्ट यांनी १९०४ मध्येच नोंदवली होती.

इंदूरला माझ्या सत्तरीतल्या आत्यांना नेमके असेच झाले. गॅस समजून आम्ही ओवा-हिंग देत राहिलो, आणि अखेर सीटी स्कॅनमध्ये जुन्या हर्नियातून (छाती व पोट यांमधल्या पडद्यातील रुंदावलेल्या छिद्रातून) जठर छातीत सरकून फिरलेले दिसले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, म्हणून जठर वाचले.