मदत हवी आहे: भुईआवळी नेमकी ओळखायची कशी? आणि तणनाशक न पडलेली कुठे मिळेल? (वाळवा, सांगली)

परड्यातली:

नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात राहतो. ऊस आणि थोडी हळद आहे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, कित्येक वर्षं काविळीला भुईआवळीचा पाला देतात. पैसे घेत नाहीत. अलीकडे तर "आधी रगात तपासून ये" म्हणतात आणि कागद दाखवल्याशिवाय पाला देत नाहीत. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. म्हणून पाला आणायचं काम माझ्याकडे आलं.

आणि पहिल्याच दिवशी चुकले. पाटाच्या कडेला बारीक पानांची, जमिनीलगतची झाडं दिसली, ओंजळभर उपटून आणली. आत्यांनी एक देठ नखानं खुडला, अंगठ्यावर बोट घासलं आणि म्हणाल्या, "चिकाट लागतंय. ही दुधी हाय, टाक." दुधी म्हणजे भोपळा नव्हे, चीक येणारं तण. खरंच पांढरा चीक आला होता. दारात माणूस पाल्यासाठी थांबला होता. मी तसंच वाटून दिलं असतं तर? त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर परड्यात विटांच्या कडेला सापडली, पण तिथंही दोन प्रकार आहेत. एकीची काडी हिरवी, गुळगुळीत. पानांच्या ओळीखाली मोहरीएवढी फळं दोऱ्यासारख्या देठावर लोंबतात. दुसरीची काडी तांबूस, फळं फांदीला थेट चिकटलेली, बोटाला खरखरीत लागतात. आत्या म्हणतात पहिली घे. पण का, ते त्यांना सांगता येत नाही आणि मला कारण कळल्याशिवाय दुसऱ्याच्या पोटात काही घालायचं नाही.

दुसरी अडचण जागेची. पूर्वी हळद भांगलताना आत्या भुईआवळी वेगळी काढून पदरात टाकायच्या. आता भांगलायला बायका मिळत नाहीत, उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लागण झाली की आठवडाभरात तणनाशक मारतात. परड्यातली चार झाडं किती पुरणार? मी बी धरून कुंडीत दोन बोटं खोल पेरलं, तीन आठवडे झाले, एकही उगवलं नाही. कुणी लावली असेल तर सांगा.

रानफूल_सातारा:

ताई, आत्यांचं बोट बरोबर आहे. चीक आला की ती भुईआवळी नाही, ही पहिली खूण. दुसरी पानांची: दुधीची पानं समोरासमोर जोडीनं असतात, भुईआवळीची एकाआड एक. तिसरी खूण मधल्या काडीची. भुईआवळीच्या मधल्या काडीला नीट पानंच नसतात, ती बाजूच्या बारीक फांद्यांवर असतात. त्यामुळे अख्खी फांदीच आवळ्याच्या किंवा चिंचेच्या पानासारखी दिसते. ती उलटी केली की खाली फळांची रांग. संध्याकाळी पानं मिटतात, तेही बघा.

शास्त्रीय नावानं सांगायचं तर तुमची हिरव्या काडीची म्हणजे फायलॅन्थस अमारस, तांबूस खरखरीत फळाची फायलॅन्थस युरिनारिया. बहिणी आहेत, पण एक नाहीत. पहिलीसारखीच दिसणारी फ्रॅटर्नस नावाची आणखी एक आहे. फळाच्या बुडाशी फुलाच्या पाकळ्या (खरं तर बाह्यदलं, पण पाकळ्यांसारखीच दिसतात) राहिलेल्या असतात, त्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठ्या करून मोजा. पाच असल्या तर अमारस, सहा असल्या तर फ्रॅटर्नस. पुस्तकांत भुईआवळीला सर्रास 'निरुरी' लिहिलेलं असतं, पण खरी निरुरी अमेरिकेतली. आपल्याकडे त्या नावाखाली विकली जाते ती बहुतेक अमारसच, आणि तीसुद्धा मूळची अमेरिकेकडचीच समजतात.

जागेबद्दल: कृपा करून कुणी सांगितलं म्हणून कासच्या पठारावर शोधायला जाऊ नका. ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं काहीही तोडायचं नाही. आणि भुईआवळी त्या कातळावरची वनस्पती नव्हेच. ती माणसाच्या मागं राहते. जिथं माती उकरली जाते, ओल टिकते, थोडी सावली असते तिथं ती. आंबा-चिकूच्या बागेत झाडाखाली, देवळाच्या आवारात, पन्हळीखाली. रोपवाटिकेतल्या पिशव्यांत तर हमखास, फक्त तिथं फवारणी करतात का ते विचारा. मृगात उगवते, श्रावण-भाद्रपदात फळं धरते, ऑक्टोबरचं ऊन लागलं की वाळायला लागते. गटाराकडेची आणि डांबरी रस्त्याकडेची घेऊ नका.

बी खोल गेलं म्हणून उगवलं नाही. तिला उजेड लागतो. पोयट्याच्या मातीवर नुसतं भुरभुरा, वर माती टाकू नका, हातानं पाणी शिंपडा. पिकलेलं फळ फुटून बी उडतं, एका फळात सहा असतात, तेव्हा फांदीला कागदी पुडी बांधून ठेवा.

पीएचसीत_काम:

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काम करते म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. कावीळ हे लक्षण आहे, त्यामागची कारणं वेगवेगळी. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय पाल्याला जातं. १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमारसनं हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून जातो असा अभ्यास आला होता, पण नंतरच्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. गरोदर बाई, गुंगी, भरकटलेलं बोलणं, रक्तस्राव, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा अंगाला खाज आणि पांढरट शौच, यांतलं काहीही असेल तर पाला न देता थेट दवाखाना. हिपॅटायटिस ई तर गरोदरपणात जीवावर बेतू शकते. आत्या तपासणी मागतात हे फार चांगलं करतात.

परड्यातली:

दादा, ताई, मनापासून आभार. काल परड्यातल्या तीन झाडांच्या पाकळ्या मोजल्या, तिन्हींवर पाचच. तिन्हीसांजेला आत्यांचा हात धरून झाडापाशी नेलं. मिटलेल्या पानांवरून त्यांनी बोट फिरवलं, म्हणाल्या, "झोपली बग."

पाकळ्यांची खूण त्यांना सांगितली. त्यांनी फळ चिमटीत धरलं, "मला न्हाई गावायच्या," म्हणाल्या आणि मला परत मोजायला लावलं. पीएचसीवाल्या ताईंची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दारामागं टांगली आहे. त्या यादीतल्याला पाला मिळणार नाही, हे आत्यांनाही पटलं.

बी आज मातीवर भुरभुरलंय. पलूस, कुंडल, ताकारी या भागात कुणाच्या बागेत औषध न मारलेली भुईआवळी असेल तर कळवा. झाड मुळासकट उपटणार नाही, खालच्या फांद्या तशाच ठेवीन म्हणजे बी पडेल. शक्य असेल तर या पंधरवड्यात, फळं वाळायच्या आत.