'यजमानी' कोण? आमदारांची सभा, दोन हजार रुपये आणि आमची चुलती

पश्चिमभाग_बेळगाव (धागा सुरू करणारा)

गेल्या आठवड्यात आमच्या गावात आमदारांची जनसंपर्क सभा झाली. नाव मुद्दाम घेत नाही, घेतलं की धागा पक्षावर जाणार. मारुतीच्या देवळापुढं मांडव, शंभरेक खुर्च्या आणि पुढच्या तीन रांगांत नुसत्या बायका. साहेब तासभर उशिरा आले, पण आल्यावर बरं बोलले. निम्मं मराठी, निम्मं कन्नड. सगळा भर कर्नाटक सरकारच्या पाच हमी योजनांवर होता. गृहलक्ष्मीचे घरातल्या प्रमुख बाईला महिन्याला २००० रुपये, बायकांना फुकट बस, २०० युनिटपर्यंत वीज, रेशनचा जादा तांदूळ, बेकार पदवीधरांना युवानिधी. 'फुकटाची सवय लागली' म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथंच उत्तर दिलं. कारखान्याची कर्जं माफ होतात तेव्हा कुणी सवयीचं बोलत नाही, आणि हा पैसा गावातच फिरतो, किराणावाल्याकडं नि शाळेच्या फीत जातो, असा एकूण सूर होता. मला पटलं. टाळ्याही वाजवल्या.

आता आमच्या चुलतीचं ऐका. चुलता दोन वर्षांमागं वारला. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख चुलतीच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून घरातली थोरली बाईच प्रमुख धरतात, तशी. तिचे दोन हजार येत होते, मध्येच थांबले. ती एकटीच ऑनलाइन कामाच्या केंद्रावर गेली. तिथल्या पोरानं कार्ड बघून विचारलं, 'यजमानी यारु?' कन्नडात यजमानी म्हणजे घरची कर्ती बाई. अर्जावर तोच शब्द आहे. आमच्यात यजमान म्हणजे नवरा. चुलती म्हणाली, "यजमान गेले की ओ, दोन वर्सं झाली." पोरानं समजून घेतलं, यजमानी मेली. मग काय, आधी कार्डावरचं नाव बदलून आणा, तालुक्याच्या फूड ऑफिसला जा. चुलती तीन खेपा घालून आली. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मीटिंगला, एकदा दुरुस्तीची मुदतच संपलेली. तिसऱ्या खेपेला कुणाच्या तरी ध्यानात आलं, की मेलेली यजमानी समोर उभी आहे.

हे कळल्यावर घरात हसून हसून पुरेवाट झाली, पण पैसे अजून आले नाहीत. कारण आता दुसरंच निघालंय. रेशनकार्डावर 'पारव्वा', आधारवर 'पार्वती' आणि बँकेच्या पुस्तकात 'पार्वतीबाई'.

सभेत ती प्लास्टिकच्या पिशवीत तिन्ही कागद घेऊन बसली होती. भाषण झाल्यावर पुढं गेली. साहेबांनी हात जोडले, पीएकडं बोट केलं. पीएनं चिठ्ठीवर कन्नडात दोन ओळी लिहून दिल्या. चुलतीला वाचता येत नाहीत, मलाही नीट येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. योजना टिकली पाहिजे, आणि आमदार तिच्या बाजूनं उभे राहिले ते चांगलंच केलं. पण ही बाजू माईकवरून लढायची नाही, खिडकीवर लढायची आहे. माईकच्या शेजारी एक कॉम्प्युटर आणि मराठी वाचणारा एक माणूस बसवला असता तर त्या तासाभराच्या भाषणाची गरजच नव्हती. तुमचं काय मत?

---

रताळीवाला

चुलतीचं वाईट वाटलं. पण टाळ्या कशाला वाजवल्यास?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचा एकूण खर्च ४ लाख ९ हजार कोटी, त्यातले ५१ हजार कोटी ह्या पाच योजनांना. म्हणजे रुपयातले साडेबारा पैसे. एकट्या गृहलक्ष्मीचे २८ हजार कोटींच्या वर. हे येतात कुठनं? जून २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेल लिटरमागं ३ रुपयांनी वाढलं. माझा पंप, माझा टेम्पो, माझी रताळी मार्केट यार्डात नेणारी गाडी, सगळं डिझेलवर. जानेवारी २०२५ मध्ये बसचं तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं. आमची ही शून्य तिकिटावर खिडकीत बसते आणि मी शेजारी उभा राहून तिचंही भाडं भरतो, असा हिशेब आहे तो.

हो, आमच्या हिला पण दोन हजार येतात. भिशीत घालते. मी नको म्हणून सांगितलं तर जेवण मिळायचं नाही.

वेल लावायच्या दिवसात बाया मिळत नाहीत हे पण लिहितो, म्हणजे मला शिव्या घालायला सोपं जाईल.

---

निपाणीची_लेक

शिव्या नाही घालत, पण बाया मिळत नाहीत म्हणजे काय हो? त्या मजुरीला मिळत नाहीत, की तुमच्या मजुरीला मिळत नाहीत?

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. सूप मांडीवर, पानं भिजवलेली, कात्रीनं कापून ठेवलेली, बोटाच्या पेरावर तंबाखूचा काळा थर. हजार वळल्या की मजुरी, त्यातनं 'खराब' म्हणून छाट काढायची ती वेगळीच. आमच्या निपाणीत हे घरोघर. ती काम सोडून बसली नाही. फरक एवढाच पडला, की पहिल्या दोन हजारांत तिनं चष्मा केला. चार वर्षं दोरा दिसत नव्हता, अंदाजानं बांधत होती. भावाला मागायची लाज वाटायची, आणि भाऊ वाईट नाही हो माझा. मागावं लागतं हेच जड जातं.

बसचं म्हणाल तर डोळे दाखवायला ती स्वतः बेळगावला गेली. एकटी. आयुष्यात पहिल्यांदा.

---

रताळीवाला

ताई, तुमच्या आईला द्या की, कोण नको म्हणतंय? आमच्या शेजारी ट्रॅक्टर दारात उभा आहे, त्या वहिनींना कशाला? आयकर आणि जीएसटी भरणाऱ्यांना वगळलंय म्हणे. शेतीवर आयकर आहे कुठं? चाळण लावा, एवढंच म्हणतोय.

---

पश्चिमभाग_बेळगाव

दादा, तुमच्याशी खरं भांडण इथंच आहे. चाळण लावली की कोण पडतं? ट्रॅक्टरवाल्या वहिनी नाही पडत. त्यांच्याकडं कागद सरळ असतो आणि ऑफिसात ओळखीचा माणूस असतो. पडते आमची चुलती, एका 'व्वा'साठी. संध्या सुरक्षा पेन्शनचे महिना १२०० रुपये घ्यायला आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी किती उत्पन्नाचे दाखले काढलेत ते विचारा. चाळणीची जाळी बारीक केली की दगड तेवढे वर राहतात.

---

माजी_मास्तर_खानापूर

सत्याऐंशी साली नोकरीला लागलो, आता निवृत्त. महाराष्ट्र एकीकरण समितीचा माणूस आहे, लपवत नाही.

तुम्ही सगळे दोन हजारांवर भांडताय. मुद्दा चिठ्ठीचा आहे. सभेत मराठी, चिठ्ठीत कन्नड. मतं मागायला आमची भाषा चालते, मग कागद द्यायला का चालत नाही? घटनेच्या ३५० व्या कलमानं कुठल्याही माणसाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी आहे. जिथं अल्पसंख्याकांची भाषा १५ टक्के वा अधिक लोक बोलतात, तिथं महत्त्वाच्या सूचना-नियम त्या भाषेत द्यायचे असं ठरलेलं आहे. १९५६ पासून आम्ही मराठी परिपत्रकं मागतोय. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तांदूळ आला, परिपत्रक आलं नाही.

पैसे जरूर घ्या. तो आपल्या कराचा पैसा आहे. पण त्यासाठी टाळ्या वाजवायचं कारण नाही, उपकार नाहीत ते.

---

शहापूरची_पोर

मास्तर, मान ठेवून बोलते. माझी आई कन्नड, बाबा मराठी, घरात दोन्ही. कलम ३५० बरोबर आहे, सगळं बरोबर आहे. पण काकींच्या मोबाईलवर ओटीपी येतो तो दहा मिनिटांत संपतो, आणि तुमचा दावा २००४ पासून चाललाय.

आमच्या गल्लीत मागावर साड्या विणणाऱ्या बायका आहेत, निम्म्या कन्नड बोलणाऱ्या. त्यांचे पैसे अडकत नाहीत असं वाटतं का तुम्हाला? आधारला बँकखातं जोडलेलं नसतं, मोबाईल नंबर मुलाचा आणि मुलगा पुण्याला. यजमानीचा घोटाळा मराठीमुळं झाला, कबूल. बाकीचे घोटाळे कन्नडातही व्यवस्थित होतात.

आणि फेब्रुवारी २०२५ आठवा. बसमधलं कंडक्टरबरोबरचं एक भांडण भाषेवर गेलं आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. त्या दिवसांत शून्य तिकीट घेऊन बायका स्टँडवर बसून होत्या, बसच नव्हती. पेटवणारे कुणी बसनं जात नाहीत.

---

माजी_मास्तर_खानापूर

पेटवा असं मी कुठं म्हटलं, बाळ? दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लिहायला लावताना सरकारला ओटीपीची घाई आठवत नाही. मराठीत एक फॉर्म छापायला किती शाई लागते?

बाकी मोबाईल नंबरचं तुझं बरोबर आहे. आमच्या घरातही तेच झालं.

---

शिनोळीपलीकडं

मी महाराष्ट्रातल्या चंदगडची सून, माहेर बेळगावजवळ. तुमचा धागा वाचून हसू आलं. माहेरी वहिनीला दोन हजार, इथं मला लाडक्या बहिणीचे दीड. माहेरी बस फुकट, इथं एसटीला अर्धं तिकीट. पण माझं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळं सीमेवरची शिनोळी ओलांडून कर्नाटकच्या बसमध्ये बसले की पुरं तिकीट. परवा आम्ही दोघी एकाच बसमध्ये शेजारी बसलो, कंडक्टरनं तिला शून्याचं आणि मला पैशाचं तिकीट फाडून दिलं. बहिणी-बहिणीच दिसतो आम्ही.

आणि रताळीवाले भाऊ, तुमची चाळण आमच्याकडं लागलेली आहे. अडीच लाखांची उत्पन्नाची अट, वयाची अट, वर ई-केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. ज्यांचा नवरा नाही, वडील नाहीत, त्या बायका केंद्रावर काय सांगतात ते एकदा येऊन ऐका. तुमच्या पारव्वा काकी इकडं हजार आहेत.

मास्तरांना पण एक. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना दिली म्हणून जाहीर केलं, त्यावर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी किती बोलून घेतलं. माझ्या माहेरच्या गावात अजून कुणाला विचारायचं तेच ठाऊक नाही. ते पत्रक तर मराठीतच होतं.

---

बीए_बेकार

युवानिधीचे ३००० घेतोय. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दोन वर्षांपुरतेच मिळतात, आणि ठरावीक मुदतीनं 'मी अजून बेकार आहे' असं स्वतः लिहून द्यावं लागतं. ते बटण दाबताना जे वाटतं ते कुठल्या आमदारानं भाषणात सांगितलेलं ऐकलं नाही. पैसे नकोत असं नाही. परीक्षेच्या फिया त्यातनंच भरतो.

---

रताळीवाला

चंदगडच्या ताईंचं शेवटचं पटलं. पत्रक मराठीत असून उपयोग झाला नाही, हे मास्तरांनी लिहून घ्यावं.

चाळणीचं मात्र पटलं नाही. तुम्ही लोक म्हणता कागदात गरीब पडतो म्हणून कागदच नको. मग सगळ्यांना द्या, आणि पैसा पुरला नाही की सगळ्यांचाच हप्ता दोन-तीन महिने मागं पडतो. तेव्हा निपाणीच्या ताईंच्या आईनं काय करायचं? तेवढेच पैसे फक्त गरजवंताला वेळेवर दिले तर? माझ्या हिची भिशी बुडाली तरी चालेल मला. (हे तिला कुणी दाखवू नका.)

---

निपाणीची_लेक

हप्ता मागं पडतो हे खरं आहे. आईनं त्या महिन्यांत उधारीवर औषध आणलं. दुकानदार म्हणाला, 'येतील की तुमचे दोन हजार.' आता तिची पत त्या दोन हजारांवर आहे. चांगलं की वाईट, मला सांगता येत नाही.

पण गरजवंत कोण हे ठरवणार कोण, दादा? तोच खिडकीवरचा पोरगा ना, ज्यानं जित्या बाईला मेलेली ठरवलं?

---

पश्चिमभाग_बेळगाव

एक सांगायचं राहिलं. हा धागा कुणीतरी आमदारांच्या पीएला पाठवला. काल फोन आला. चिडले नव्हते, उलट म्हणाले, गावात अडकलेल्या बायकांची यादी द्या, पुढच्या वेळी फूड ऑफिसचा माणूस आणि लॅपटॉप घेऊनच येतो. येतील तेव्हा खरं. मी काल संध्याकाळी घरोघर फिरलो, आमच्या वाड्यातच अकरा निघाल्या. सहा जणींच्या नावात फरक, तिघींचं आधार बँकेला जोडलेलं नाही, एकीची सासू कार्डावर प्रमुख होती ती खरोखर वारलीय. आणि अकरावी चुलती.

यादी कन्नडात पाहिजे म्हणाले. शहापूरच्या ताई, लिहून द्याल का?

---

माजी_मास्तर_खानापूर

मराठीतली प्रत सोबत जोड. पोच घे, तारीख आणि शिक्का मारून.

---

शहापूरची_पोर

पाठवा, रात्री बसते. मराठीतली पण जोडते, मास्तरांसाठी.

तिन्ही कागदांवरची नावं जशी आहेत तशीच लिहून पाठवा, स्वतः सुधारू नका. 'पारव्वा' असेल तिथं पारव्वाच.