शब्दचर्चा : 'फेत गालांत'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांवरचा लेख मराठीत आणतेय. 'फेत गालांत' या प्रकाराला (बागेत रमलेल्या नटूनथटून आलेल्या स्त्री-पुरुषांची चित्रं) मी 'वनभोजन' लिहिलं, पण पटत नाहीये. शिवाय जिकडेतिकडे तोच पुतळा, तेच गुलाब, तेच गिटार. यांना काही अर्थ आहे की नुसती सजावट?

प्रतिसाद : वनभोजन नकोच, तिथे जेवायची शुद्ध कोणाला आहे! 'फेत' म्हणजे उत्सव, जलसा. 'गालांत'मध्ये रीतभात सांभाळून केलेलं प्रणयाराधन येतं. मी 'प्रणयविहार' लिहीन. वातो या चित्रकारानं १७१७ साली पॅरिसच्या शाही चित्रकला अकादमीला 'सिथेराची यात्रा' (सिथेरा म्हणजे प्रेमदेवता व्हीनसचं बेट) हे चित्र दिलं, तेव्हा दप्तरात आधीचं शीर्षक खोडून 'फेत गालांत' लिहिलं गेलं.

पुतळ्याचं म्हणाल, तर माणसं जे सभ्यपणे गिळतात ते तो बोलतो. आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या याच चित्रात उजवीकडे व्हीनसचा अर्धपुतळा आहे, गुलाबांनी मढवलेला. खाली बसलेली बाई अजून आढेवेढे घेतेय आणि बाणांच्या भात्यावर बसलेला छोटा क्यूपिड, म्हणजे तिकडचा मदन, तिचा घागरा ओढतोय. वातोच्याच 'मेझेतँ' या चित्रामध्ये (न्यूयॉर्क, मेट्रोपॉलिटन संग्रहालय) गडी गिटारवर जीव तोडून गातोय आणि मागची दगडी बाई त्याच्याकडे पाठ करून उभी. निकाल लागला!

उपप्रतिसाद : गिटारचं आपल्याला वेगळं सांगायला नको, 'दोघांचे सूर जुळले' आपण म्हणतोच. त्याच शतकातल्या फ्रागोनार या चित्रकाराच्या 'झोका'मध्येही (लंडन, वॉलेस संग्रह) क्यूपिडचा पुतळा ओठांवर बोट ठेवून आहे, कारण झुडपात प्रियकर लपलाय. पण 'प्रणयविहार' जरा भडक नाही का वाटत? 'उद्यानविहार' सोज्वळ आहे.

प्रतिसाद : सोज्वळ आहे, पण मग त्या क्यूपिडला कुठे ठेवणार? 'उद्यानविहार' म्हटलं की निवृत्त मंडळी सकाळी फिरायला निघाल्यासारखी वाटतात. या चित्रांत कुत्राही दिसला, तर त्याचा अर्थ मात्र फार ताणू नका. तो निष्ठेचं चिन्ह धरतात खरा, पण कधीकधी कुत्रा हा कुत्राच असतो.

प्रश्नकर्ती : 'प्रणयविहार' घेते. आणि त्या चित्राचं नाव 'सिथेराकडे प्रस्थान' चालेल?

प्रतिसाद : टाळा. कलेतिहासकार मायकेल लेव्ही यांनी १९६१ मध्ये मुद्दा मांडला की ही मंडळी बेटावर पोचलेलीच आहेत, आता परत निघालीत. पुतळ्याला हार वाहून झालेत आणि मधली एक बाई मागे वळून बघतेय. सगळ्यांना तो पटलेला नाही, पण 'सिथेराची यात्रा' लिहिलंत की दोन्ही बाजू खूश.