ग्राहकाला द्यायच्या वेबसाइट ऑडिटमध्ये तपशील किती असावा?

प्रश्न:
मी लहान व्यवसायांच्या वेबसाइटचे ऑडिट करून देतो. साइटची सगळी पाने आपोआप तपासणाऱ्या क्रॉलिंगच्या टूलमधून निघणारी प्रत्येक त्रुटी घेतली, तर अहवाल इतका फुगतो की ग्राहक पहिल्या दोन-चार पानांपुढे जात नाही. काटछाट केली, तर पैसे मोजून एवढेच मिळाले का, असे त्याला वाटण्याची धास्ती असते. शिवाय सगळे उपाय लिहून दिल्यावर तो दुसऱ्याकडून काम करून घेईल, हाही विचार मनात येतोच. आपण मर्यादा कुठे आखता?

उत्तर १:
त्रुटी पानांनुसार न मोजता कारणांनुसार मांडाव्यात. शेकडो पानांना एकच टायटल असेल, तर दोष बहुधा त्या पानांच्या एका सामाईक साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये असतो. अहवालात त्याची एक नोंद पुरते आणि यूआरएलची पूर्ण यादी डेव्हलपरसाठी स्प्रेडशीटमध्ये जोडता येते. नोंद लिहिताना मात्र हात आखडता घेऊ नये. ‘एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ) जास्त आहे’ एवढ्याने कोणाचेच भागत नाही. मोबाइलवर मुख्य बॅनर दिसायला ४ सेकंद लागतात, गूगलच्या निकषानुसार ते २.५ सेकंदांत दिसायला हवे, आणि विलंबाचे कारण त्या चित्राला लावलेले लेझी लोडिंग (चित्र गरज पडेपर्यंत न उतरवण्याची सोय) आहे, असे लिहिले की मालकाला गांभीर्य कळते व डेव्हलपरला काम. हा आकडा गूगलच्या लाइटहाउस या टूलच्या चाचणीतला आहे की प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या २८ दिवसांच्या नोंदींतला, तेही नमूद करावे. दोन्हींत बरीच तफावत असू शकते.

उत्तर २:
उपायांचा क्रमही लिहावा, अशी पुस्ती जोडतो. शोधनिकालांतून काढायच्या पानाला नोइंडेक्स (हे पान निकालांत दाखवू नका, असे सांगणारा टॅग) लावून तेच पान रोबॉट्स फाइलमध्ये (कोणती पाने वाचू नयेत, हे सर्च इंजिनच्या क्रॉलरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवले, तर क्रॉलरला तो टॅग वाचताच येत नाही आणि पान निकालांत राहू शकते. अशा ठिकाणी संक्षेप महागात पडतो.

उत्तर ३:
काम मिळवण्यासाठी केलेल्या मोफत पाहणीत दोन-तीन ठळक दोष स्क्रीनशॉटसह दाखवणे पुरेसे आहे. ऑडिटचे पैसे घेतल्यावर उपाय राखून ठेवणे मात्र मला गैर वाटते. दुसरीकडे जाणारा ग्राहक तसाही जातोच.

प्रश्नकर्ता:
यादी वेगळी जोडण्याची सूचना पटली. परंतु टूल लाल रंगात दाखवते आणि प्रत्यक्षात निरुपद्रवी असतात, अशा इशाऱ्यांचे काय करावे?

उत्तर १:
‘तपासले, सध्या बदलाची गरज नाही’ अशी कारणासह एक ओळ स्प्रेडशीटमध्ये ठेवावी, म्हणजे उद्या कोणी तेच टूल चालवून ग्राहकाला घाबरवले, तर त्याच्या हाती उत्तर असते.