उजनीचं पाणी सुटल्यावर भीमेत कयाकचा सराव करावा का?

काठावरचा:
आतापर्यंत फक्त हिप्परग्याच्या साठलेल्या पाण्यात कयाक चालवलीय. डिसेंबरात कोलाडला कुंडलिकेच्या रॅपिडमध्ये (खडकांतून उसळत जाणाऱ्या धारेत) उतरायचंय. वाहत्या पाण्याची सवय म्हणून उजनीतून विसर्ग चालू असताना भीमेत उतरू का? कयाक ११ फुटी, वल्हं २३० सेंमी. हीच तिकडं न्यावी का?

बर्गे_काढा:
नको की ओ मालक. अडचण वेगाची नाही, कोल्हापुरी बंधाऱ्यांची आहे. बर्गे, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवायला घातलेल्या फळ्या, काढलेले असले तरी सगळी ओढ खांबांमधल्या गाळ्यांत असते. कयाक आडवी झाली की दोन खांबांना अडकून वाकते आणि माणूस दाबानं तिथंच चिकटतो. पाणी बंधाऱ्यावरून जात असेल तर त्याहून वाईट. वरून सपाट दिसतं, पण खाली पडलेलं पाणी वर येऊन परत भिंतीकडं वळतं. लाइफ जॅकेटवालाही त्यात गरगरत राहतो. खडकामागच्या भोवऱ्याला बहुतेकदा बाजूनं वाट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, वाट कुठली?
आणि नुसता उजनीचा क्युसेकचा आकडा बघू नका. वीर धरणाचं पाणी नीरेतून नरसिंहपूरला भीमेत मिळतं, ते त्यात नसतं.

उलटी_होडी:
कयाक घरीच ठेवा. लांब कयाक सरळ धावते, पटकन वळत नाही. रॅपिडसाठी ८-९ फुटी, टोकं वर उचललेली, आत हवेच्या पिशव्या असलेली लागते. वल्हं १९०-२०० सेंमी. हेल्मेट हवंच.
तशी कयाक मिळवून सराव तळ्यातच करा, छातीएवढ्या पाण्यात, शेजारी माणूस उभा करून. स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून कयाकचं तोंड झाकायचं आवरण) आधी मागून बसवा, मग पुढून. तो ओढून काढायची पुढची पट्टी बाहेर राहिलीय का, हात लावून बघा. ती आत गेली तर उलटल्यावर स्कर्ट निघत नाही. उलटलात की पुढं वाका, पट्टी आधी पुढं आणि मग वर ओढा, कमरेच्या दोन्ही बाजूंना हात टेकून बाहेर या. घाबरून मागं रेललात तर मांड्या अडकतात. डोळे मिटून जमेपर्यंत कोलाडचं बुकिंग करू नका.
कुंडलिकेला पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं, म्हणून डिसेंबरातही रॅपिड असतात. ते सकाळी कधी सुटणार, आदल्या दिवशी विचारा.

बर्गे_काढा:
एक राहिलं. खडकामागच्या शांत पाण्यातून धारेत शिरताना टोक वरच्या अंगाला तिरकं ठेवा आणि कयाक खालच्या अंगाला कलवा, म्हणजे येणाऱ्या पाण्याला बूड दिसलं पाहिजे. वरची कड बुडाली की धार ती धरून क्षणात पालथं घालते. नवशिके इथंच जास्त उलटतात.

काठावरचा:
बाहेर पडल्यावर पाणी कमरेएवढंच असेल तर उभं राहायचं ना?

उलटी_होडी:
अजिबात नाही. पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी तोंडावर पाडतं. उताणे व्हा, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागावर. वल्हं सोडू नका. पाणी गुडघ्याखाली आलं आणि ओढ संपली, मगच उठा.