ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाचं पुस्तक ५० वर्षांनी सापडलं, परत करू का?

प्रश्न: आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांखाली एक कवितासंग्रह मिळाला. आत जांभळा शिक्का: मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख १२ जुलै १९७४. रोजचा दंड धरला तर माझी स्कूटर विकावी लागेल. नेऊन दिलं तर घेतील का?

उत्तर १: आजोबांची अनामत तिकडेच असेल. फिट्टंफाट!

उत्तर २: मी दुसऱ्या गावच्या वाचनालयात ३१ वर्षं देवघेवीला बसलो, म्हणून सांगतो. इतक्या वर्षांत दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानं टिपतात त्या वहीत, त्यापुढे ‘गहाळ’ लागलं असणार. दंडाचं मनातून काढा आणि निमूट नेऊन द्या. आमच्याकडे असं पुस्तक आलं की आम्ही चहा पाजायचो.

आणि ठिकाण साधं नाही हो. १८९३ साली वि. ल. भावे यांनी हे उभं केलं, तेव्हा त्यांनी बाविशीही गाठली नव्हती. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिणारे तेच. आधीच्या नेटिव्ह लायब्रऱ्यांत, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या इथल्या लोकांच्या वाचनालयांत, इंग्रजी पुस्तकांचाच थाट; इथे मराठीसाठी म्हणून संग्रह सुरू झाला. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय नंतरचं, १८९८चं. ठाणेकर हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत, आणि का राहावं? २०१०चं साहित्य संमेलनही ठाण्यातच झालं, यजमान हीच संस्था.

आता कुठल्याही वाचनालयात जा, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं डबे घेऊन बसलेली, आणि देवघेवीला आम्ही पिकली पानं. दिवाळी अंकांच्या वेळी तेवढी झुंबड. पुस्तकं वाया जातात ती मात्र बाइंडिंगमुळे. शिवणारा इतकं आत शिवतो की ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत गडप. तेव्हा कृपा करा, फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. पिवळा पडून कागदासकट निघतो. शिक्क्याशेजारी पेनानं लिहिलेला दाखल क्रमांक असेल, तो आधी कळवा.

प्रश्नकर्ती: क्रमांक आहे, पुसट. पण ६३व्या पानात आजीच्या अक्षरातली वाण्याची यादी निघाली, भावासकट. तशीच देऊ?

उत्तर २: छे, ती काढून घ्या. आणि गूळ काय भावानं होता ते इथे टाका.