एचएसपी७० ची अँटिबॉडी: डेटाशीटवर किती विसंबायचं?

धागा
माझं मत आधीच सांगते: अँटिबॉडी विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकावर, म्हणजे डेटाशीटवर, विसंबून चालणार नाही. नॉकआउट पेशींवर (त्या प्रथिनाचं जीनच काढून टाकलेल्या पेशींवर) पारखलेली नसेल अशा अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूच्या) जोरावर 'एचएसपी७० वाढलं' असं कुणी छापू नये. ताण पडल्यावर वाढणारं एचएसपी७० आणि पेशीत कायम असणारं एचएससी७० ही प्रथिनं साधारण ८५ टक्के सारखी आहेत. वजनंही इतकी जवळ की साध्या ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने त्यांचे पट्टे दाखवणाऱ्या चाचणीत) दोन पट्टे एकच दिसतात. माझे सहा महिने यात गेले. ज्याला मी संसर्गाचा परिणाम समजत होते तो पट्टा निरोगी पेशींतही तितकाच गडद निघाला. क्लोन, म्हणजे त्या अँटिबॉडीचा विशिष्ट वाण, दोन्ही प्रथिनं धरणारा होता.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. एचएसपी७० चे जीन्स दोन: एचएसपीए१ए आणि एचएसपीए१बी. प्रथिनं जवळपास तंतोतंत एक. एकच जीन काढलात तर पट्टा राहणारच, आणि चांगली अँटिबॉडी तुम्ही फेकून द्याल. दोन्ही काढायचे तर तुटपुंज्या अनुदानावरच्या विद्यापीठातल्या मुलांनी काय करायचं? पेशी तासभर ४२ अंशांवर ठेवा, मग काही तास ३७ वर. पट्टा ठळकपणे वाढला पाहिजे. त्याला वॉटर बाथ पुरतो.

धागाकर्ती
दोन जीन्सचा मुद्दा मान्य. पण माणसाच्या पेशी तापवल्या की एचएसपीए६ सुद्धा वाढतं, तेही याच घराण्यातलं. वाढलेला पट्टा नेमका कुणाचा, हे वॉटर बाथ कसं सांगणार? निदान दोन्ही जीन्सवर चालणारा एसआयआरएनए (जीनपासून प्रथिन बनणं दाबणारा छोटा आरएनए) तरी वापरा.

प्रतिसाद २
तुम्ही दोघं ब्लॉटवरच अडकलात. इम्युनॉलॉजीत खरी फसगत फ्लो सायटोमेट्रीत (चमकणाऱ्या रंगाची अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजण्यात) होते. मोनोसाइटवर (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीवर) एफसी रिसेप्टर असतात, ते कुठल्याही अँटिबॉडीची शेपटी पकडतात. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं. आतलं एचएसपी७० रंगतं आणि आपण 'पृष्ठभागावर सापडलं' म्हणून आनंदतो. एफसी ब्लॉक (ते रिसेप्टर आधीच झाकणं), आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची पण काहीच न ओळखणारी अँटिबॉडी) आणि मृत पेशी ओळखणारा रंग, हे तिन्ही वापरलेले नसतील तर तो आलेख मी तरी वाचत नाही. नॉकआउट आहे की नाही, हे मी त्यानंतर विचारतो.

प्रतिसाद १
हे मात्र शंभर टक्के. आणि यातलं काहीच महाग नाही. म्हणूनच म्हणतो, नॉकआउटची सक्ती नको. पेपरात क्लोनचं नाव आणि लॉट (उत्पादनाची खेप) नंबर लिहिण्याची सक्ती करा. आमच्याकडे पॉलिक्लोनलचा (अनेक अँटिबॉडींच्या मिश्रणाचा) लॉट बदलला आणि ब्लॉटवर नवाच पट्टा उगवला.

धागाकर्ती
लॉट लिहाच. पण चुकीचं प्रथिन धरणाऱ्या क्लोनचा लॉट नंबर लिहून तो क्लोन बरोबर ठरत नाही. सक्तीवर मी ठाम आहे.